आजाऱ्यांची नावं

रुख्माचा भूपेंद्र चोरखमाऱ्याच्या तलावात बुडाला, त्याला तीन वर्षं झाली. घरी त्याचं नाव निघालं की तिचा नवरा मनिराम ताटावरून उठतो. शेजारणी म्हणतात, "विसर वो आता." पोटचा पोरगा काय छत्री असतो, विसरायला?

म्हणून दर रविवारी ती गावाबाहेरच्या टिनाच्या शेडात प्रार्थनेला जाते. तिथं आजाऱ्यांची नावं सांगायची, मग सगळे त्यांच्यासाठी येशूला विनवतात. रुख्मा दर वेळी भूपेंद्रचंच नाव सांगते. तेवढाच जिवाला थंडावा.

या रविवारी एका नव्या बाईनं विचारलं, "काय झालं वो त्याले?"

"ताप हाय," रुख्मा बोलून गेली.

पास्टरांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मिटून भूपेंद्रचं नाव घेतलं. 'आमेन' होईपर्यंत तिचा पोरगा नुसता आजारी होता.

मग सगळ्यांनी डोळे उघडले.