वायू संपला नव्हता

दिगंबर गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. इथं आखातात, रास लफानच्या फाटकाशी बस तपासणीला थांबली होती, फोन वाजला आणि सिन्नरहून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे काल गेले..." ऑपरेशनसाठी महिन्याच्या रजेवर गेलेला माणूस. त्या फोनलाही आता सहा आठवडे झाले.

आमच्या गॅस प्लँटमध्ये तो कॉम्प्रेसरचा फिटर होता, आयटीआय शिकलेला. मी त्याच विभागात इंजिनिअर. अल खोरच्या कामगार वसाहतीतून बसनं येताना बाकीचे डुलक्या काढत आणि हा मोबाइलवर दूरदूरच्या दीर्घिका बघत बसे. एकदा एक लालसर ठिपका दाखवून म्हणाला, "साहेब, हिचा प्रकाश अब्जावधी वर्षांपूर्वी निघालाय. आकारानं एवढीशी, पण वजनाला भारी. घाईघाईनं तारे बनवले आणि मग एकदम खलास! का थांबली असेल?"

तारे वायूपासूनच बनतात, एवढं मला माहीत होतं. "वायू संपला असेल," मी सहज बोलून गेलो.

त्यानं ते खरं धरलं. पुढे ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत मराठी मंडळींच्या स्नेहमेळाव्यात त्याला बोलायला वीस मिनिटं मिळाली, तिथंही त्यानं हेच सांगितलं. पुढच्या रांगेतल्या दहाबारा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. "अंकल, हाउ डू यू नो इट्स एम्प्टी?" दिगंबर म्हणाला, "नाही माहीत, बेटा. शोधतो." मागे कोणीतरी हसलं. मी मात्र खाली बघत होतो... उत्तर माझं होतं.

नंतर कित्येक महिने तो शब्दकोश उघडून इंग्रजी लेख वाचत राहिला. एका सकाळी माझ्या शेजारी येऊन बसला तो चेहरा उजळलेला. "साहेब, काहींमधला वायू खरंच संपतो किंवा बाहेर फेकला जातो. पण काहींमध्ये तो शिल्लक असतो! मधलं कृष्णविवर वायू गिळतं, तेव्हा त्याच्या आसपासच्या भागातून इतका जोराचा झोत सुटतो की उरलेला वायू तापतो. तापलेला वायू आकसत नाही, मग तारा कुठून होणार? आणि आपण इथं दिवसभर गॅस थंड करून त्याचा द्रव करतो... मला सुचायला नको होतं?"

त्या शुक्रवारी त्यानं मला गाडी काढायला लावली. त्या मुलीच्या दारात उभं राहून, आत न बसता, तो म्हणाला, "बेटा, तुझी शंका बरोबर होती. माझं उत्तर अर्धवट होतं." तिचे वडील अवघडले. मुलगी मात्र खूश होऊन म्हणाली, "यू केम जस्ट टु से दॅट?" तो हसून म्हणाला, "मग? चुकीचं सांगून कसा झोपू?" ते उत्तर माझं होतं, हे त्यानं तिथंही सांगितलं नाही.

कंपनीला त्याची खोली रिकामी हवी होती, म्हणून मी आवरायला गेलो. काय पाठवू, असं फोनवर विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "कपडे वाटून टाका. त्यांच्या हातचं काही लिहिलेलं असेल तर तेवढं पाठवा." कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन प्रश्न; दोन खोडलेले. तिसरा तसाच होता : 'तो वायू परत थंड झाला, तर?'

फाटू नये म्हणून नखानं हळूहळू टेप सोडवली आणि वहिनींना म्हणालो, "एक कागद आहे. पाठवतो, पण थोडे दिवस राहू द्या माझ्याकडे... त्यातल्या एका प्रश्नासाठी अजून वाचतोय मी."