बारावीनंतर काय, ते आत्याला विचारा

माझं गाव सुटलं ते आल्याच्या पोत्यांबरोबर. बारावीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. आप्पांनी मला गावातल्या टेम्पोत बसवलं. मागं आलं भरलेलं, पुढं ड्रायव्हर तानाजीकाका, आणि त्यांच्या शेजारी मी, मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी घेऊन. आई दाराला धरून सारखं एकच सांगत होती, "मामीला कामात मदत कर, आयतं खाऊ नको." गाडी सुरू झाली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "रडू आलं तर रड बाय, पण कुणी विचारलं तर बरी हाय म्हण."

तेव्हापासून सव्वीस वर्षं मी बरी आहे.

उजाडताना वाशीच्या एपीएमसी मार्केटात उतरले. मामा तिथं माथाडी, दिवसभर पाठीवर पोती वाहायचे. त्यांच्या कोपरखैरण्याच्या खोलीत आम्ही सातजण. जागा कसली, कुणाचा ना कुणाचा पाय अंगावर असायचाच. पण एकटं वाटलं नाही कधी. कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात चिकटले. आत येणाऱ्या प्रत्येक कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर तपासायचा आणि सिस्टीममध्ये टाकायचा, एवढंच काम. गावात मात्र 'ती शिपिंगमध्ये आहे' असं झालं. आई तर पाहुण्यांना सांगायची, आमची थोरली जहाजं सोडती. अहो, मी जहाज बघितलंय तेसुद्धा लांबनं!

लग्नाचं दोनदा जमता जमता मोडलं, मग कुणी जमवायलाच गेलं नाही. मामा-मामी गावी परतली. आई-आप्पा गेले. आता खारघरला सातव्या मजल्यावर माझा स्वतःचा वन बीएचके आहे. सोसायटीत मला 'सातशेतीनवाल्या मॅडम' म्हणतात. पाव लिटर दूध घेते, तेही कधीकधी नासतं. रविवारी संध्याकाळी लक्षात येतं की शुक्रवारी यार्डातनं निघाल्यापासून आपण तोंडानं एक शब्द बोललेलो नाही. मग मी वॉचमनला उगाच विचारते, "पाणी आलं का ओ?" पाणी चोवीस तास असतं.

फक्त निकालाच्या दिवसांत माझा फोन थांबत नाही. गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना तेव्हा माझी आठवण येते. "आक्का, पोराला सायन्सला घालू का आयटीआयला?" "ताई, कशाला स्कोप आहे सध्या?" मी पण शहाणी, आठवडाभर आधी वाचून ठेवते. फार्मसी, पॉलिटेक्निक, नर्सिंग, कुठल्या फॉर्मला कुठला दाखला, सगळं तोंडपाठ. चुलतभावाच्या पोराला मेकॅनिकल मी सांगितलं, तो पुण्यात चांगल्या ठिकाणी आहे. शेजारच्या अश्विनीला फार्मसी मी सांगितली. ॲडमिशन झाली की फोन बंद. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीला कोण परत येऊन सांगतंय, गाडी मिळाली म्हणून? मला राग येतो, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या निकालापर्यंत मी त्याच फोनची वाट बघत असते, हेही खरं.

गेल्या साली धाकट्या भावाचा फोन आला, महादूचा. त्याची सायली बारावी झाली होती. "आक्का, हिला जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा करायचाय म्हणती. पोरीच्या जातीनं गोठ्यातनं फिरायचं का? तू सांगशील ते."

सायलीला मी ओळखते. दहावीत असताना हिनं अडलेल्या गाईची सुटका केली होती. डॉक्टर येईपर्यंत वासरू उभं! दुसरं कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, घाल तिकडंच. पण मी काय म्हणाले? "महादू, आता आयटीला स्कोप आहे. इथं खारघरलाच कॉलेज आहे, चालत जाईल. माझ्याकडं राहील."

माझ्याकडं राहील! हे म्हणताना माझाच आवाज मला वेगळा ऐकू आला. फोन ठेवला आणि मी लगेच एक लिटर दूध आणलं. पोरगी यायला अजून आठ दिवस होते. हॉलमध्ये दिवाण टाकला, खिडकीला नवा पडदा लावला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी भाची येतेय, कायमची." त्या आठ दिवसांत सायलीला काय पाहिजे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. लेकरांचं भलं बघते म्हणून जिचं नाव, तिनं आपला एकटेपणा 'स्कोप' म्हणून खपवला.

सायली आली. गुणी पोर, एका शब्दानं कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. मी झेरॉक्स काढून आले तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. आतले क्लार्क तिचे मार्क बघत सहज विचारत होते, "आयटी कशासाठी घेतेयस बाळा? कोडिंग-बिडिंग आवडतं?"

सायली म्हणाली, "नाही सर. आत्याला सोबत होईल म्हणून."

मी तिच्या मागंच होते. तिला माहीत नव्हतं. क्लार्क हसले, त्यांनी पुढचा कागद मागितला. मी हातातल्या झेरॉक्स परत पिशवीत घातल्या. मला वाटत होतं, माझं गुपित माझ्यापाशी आहे. इथं तर घरानं बसून ठरवलं होतं की आत्याला माणूस पाहिजे, आणि माणूस म्हणून ही पोर पाठवली होती.

तिला हाताला धरून बाहेर आणलं. "तो डिप्लोमाचा फॉर्म भरलायस का?"

ती खाली बघायला लागली. "भरलाय मोबाईलवर. सबमिट नाही केला. परवा शेवटची तारीख आहे."

"कर."

"पप्पा म्हणाले, आत्यानं सगळ्यांच्या पोरांचं केलं, तिला आता कुणीतरी पाहिजे."

"पाहिजे. पण तू नाही. तू गाई बघ. कर म्हणते ना!" मी जरा मोठ्यानंच ओरडले असेन, येणारी-जाणारी पोरं बघायला लागली. तिथंच कॉलेजच्या पायरीवर बसून तिनं फॉर्म पाठवला, आणि माझ्या गळ्यात पडून अशी रडली की काय सांगू. मी रडले नाही. मी घरी आल्यावर बाथरूममध्ये रडले.

मग महादूला फोन केला. म्हटलं, "मी सल्ला चुकीचा दिला. स्कोप-बिप काय नाही. मला घरात कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून दिला."

तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"ठावं होतं तर इतक्या वर्षांत एकदा विचारलं का नाहीस?"

"तू दरवेळी बरी हाय म्हणतीस. मग काय विचारायचं?" मग तोच म्हणाला, "तूच ये की घरी, आक्का. चार दिस."

मी म्हणाले, रजा मिळत नाही. माझी रजा दरवर्षी वाया जाते.

माझ्यासारखे जे इकडं येऊन बसलेत, त्यांना मी ही रजा का घेत नाही ते सांगायला नको. गावी गेलं की खुर्ची मिळते. भावजय ट्रेमध्ये चहा आणते, बशीत बिस्किटं. उठायला गेलं की सगळी म्हणतात, "बसा हो तुम्ही, दमून आलाय." पाहुण्यासारखं चार दिवस बसायचं आणि अंबाडीची भाजी घेऊन परत यायचं.

तरी दोन महिन्यांनी गेले. सण नव्हता, कुणाचं लग्न नव्हतं. घर उघडंच होतं. महादू आणि भावजय रानात गेली होती. सायली डिप्लोमाच्या कॉलेजातनं येऊन गोठ्यात बसली होती, कोपरापर्यंत हात शेणामातीनं भरलेले. मला बघून उठलीसुद्धा नाही. गाईच्या पोटाला हात लावून बसल्या बसल्याच म्हणाली, "आलीस व्हय? बरं झालं. चहा टाक गं आत्या, सगळ्यांचा. पप्पा येतीलच आता."

मी पदर खोचून आत गेले. स्वयंपाकघर नवीन बांधलेलं, ओटा दुसरीकडं, मांडणी दुसरीकडं. पाणी चढवलं. चहापत्ती सापडली, साखर सापडेना.

"सायली, साखर कुठाय गं?"

"तिथंच हाय की!" ती गोठ्यातनं ओरडली.

तिथंच. जन्मले त्या घरात मी डाळीचा डबा उघडला, शेंगदाण्याचा उघडला, मिठाची बरणी उघडली. पाणी उकळायला लागलं होतं. तिला परत विचारायची मला लाज वाटली, म्हणून मी पुढचा डबा उघडला.