काठमांडूत माझं गाढव गुडघ्यावर आलं

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मादन हिप्परग्याच्या लक्ष्मीअक्का आळंदला माझ्या घरी आल्या आणि शोकेसमधल्या लोकरीच्या जनावरांसमोर उभ्या राहिल्या. अक्का गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. बकरी, दोन कुत्री, उंट, गाढव असं सगळं निरखून म्हणाल्या, "बाई, हे आमच्या बायकांना शिकवा. बारा जणी हाईत."

मी लगेच हो म्हणाले नाही. तहसील कचेरीत तेहतीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की ज्याला स्वतःला नियम माहीत नाही त्याने दुसऱ्याचा अर्ज भरू नये. हे काम मी निवृत्तीनंतर मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. लोकरीत खाचांची बारीक सुई टोचत राहायचं. तंतू एकमेकांत अडकतात, गोळा घट्ट होतो, त्याला आकार देता येतो. याला फेल्ट म्हणतात. घरी येणारा प्रत्येक जण "किती छान" म्हणतो आणि चहाची वाट बघतो. चूक कोणी काढत नाही.

आणि चूक होती. माझ्या जनावरांचे पाय उभे राहत नव्हते. आपल्याकडच्या काळ्या मेंढीची लोकर राठ, ती लवकर घट्ट होत नाही. घोंगडी कडक व्हावी म्हणून तिला चिंचोक्याची खळ लावतात, ती युक्ती मी उचलली. पायांना खळ चोपडायची, उन्हात वाळवायची, की गाढव ऐटीत उभं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टरना हे कळलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

काठमांडूत फेल्टचे कारखाने आहेत असं वाचलं होतं. तेव्हा ठरवलं: तिथल्या जाणत्या बाईच्या हातात माझं गाढव द्यायचं, ती काय म्हणते ते ऐकायचं आणि मग लक्ष्मीअक्कांना हो किंवा नाही कळवायचं. सोबत माझी धाकटी नणंद विमल, राजेश्वरला असते. तिला बर्फाचे डोंगर बघायचे होते. गुलबर्ग्याच्या एका टूरवाल्याकडे आठ दिवसांची सहल मिळाली. कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवशी सकाळी 'फेल्ट कारखान्यास भेट' असं छापलेलं होतं. पैसे भरताना मी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. सहलीसोबत येणारा मॅनेजर हसला. त्या हसण्याचा अर्थ मला सातव्या दिवशी कळला.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. नेपाळच्या विमानाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आमच्यातले एक काका नुसतं आधार घेऊन हैदराबादपर्यंत आले आणि तिथूनच परतले. दुसरी, सुया हातातल्या पिशवीत ठेवू नका. मी त्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या, पण गाढव हातात होतं. तपासणीवाल्याने ते यंत्रातून दोनदा फिरवलं.

"मॅडम, ये क्या है?"

"गधा."

त्याने पोट दाबून पाहिलं आणि परत दिलं. परीक्षा घेणारा तो पहिला माणूस. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

आळंद ते गुलबर्गा बस, गुलबर्गा ते हैदराबाद रेल्वे, हैदराबाद ते दिल्ली विमान, दिल्लीत पाच तास बसून दुसरं विमान. काठमांडूत घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं असतं. माझं अंग दोन दिवस मागेच राहिलं. हॉटेल गल्लीत, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "मॅडम, व्ह्यू चांगला आहे," टूरचा मॅनेजर म्हणाला. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंभूनाथ. पायऱ्या तीनशे पासष्ट, कठडा धरून चढा. पाठीमागच्या बाजूने गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, हे मला वर पोहोचल्यावर सांगण्यात आलं. दुपारी बौद्धनाथला मात्र बरं वाटलं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. पण एवढ्या मोठ्या पांढऱ्या घुमटाभोवती शेकडो माणसं कुणालाही न ढकलता एकाच दिशेने चालताना मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या गटातल्या चौघी फोटोसाठी उलट्या दिशेने चालल्या, तेवढं सोडून. विमलने तीन फेऱ्या घातल्या. मी एक घातली आणि कट्ट्यावर बसले.

तिसऱ्या दिवशी पोखरा. दोनशे किलोमीटरला नऊ तास लागले. रस्त्याचं काम चालू, खिडकी उघडली तर धूळ, लावली तर पुढच्या सीटवरच्या काकूंचं लसणाचं लोणचं. दुपारी एका टपरीवर डाळभात खाल्ला. तिथे भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शंभराच्या भारतीय नोटा चालतात, जवळ भरपूर ठेवा. मोमो विमलला आवडले. मला ते गूळ विसरलेल्या कडबूसारखे लागले.

पोखऱ्याजवळच्या सारंगकोटच्या टेकडीवर पहाटे उठवून नेलं. ढग. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं आणि सात वाजता ढग बाजूला झाले. एवढा वेळ आम्ही क्षितिजाकडे बघत होतो आणि डोंगर त्याच्या कितीतरी वर होता. विमल हात जोडून उभी राहिली.

"वैनी, एवढं वर ऱ्हातंय व्हय हे? मी खाली बघायलते."

"मीपण."

"मग तुमचं त्वांड असं कामून?"

"गुडघे दुखतायत."

"तुमचे गुडघे न्हाईत दुखत. तुमचं मन त्या कारखान्यात अडकलंय. नापास झालात तर काय करनार?"

नणंदा असल्याच वेळी हुशार होतात. नापास झाले तर लक्ष्मीअक्कांना नाही म्हणायचं आणि शोकेसला पडदा लावायचा, असं मी मनाशी ठरवून आले होते. ते तिला सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी त्याच रस्त्याने परत. सातव्या दिवशी सकाळी बस पश्मिना शालींच्या शोरूमकडे निघते आहे असं कळलं.

"मॅडम, फेल्टवाले आज बंद आहेत," मॅनेजर म्हणाला.

"नंबर द्या, मी विचारते."

"नाही, म्हणजे... सगळ्यांना शॉपिंग करायचंय."

"मग तसं सांगा. बंद कशाला म्हणता?"

लोणचंवाल्या काकू मागून म्हणाल्या, "जाऊ द्या हो बाई. लोकरीचे गोळे काय बघायचे?"

मी पत्रिका काढली, लाल रेघ दाखवली. त्याने शांतपणे कागद उलटला. मागे, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. तेहतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, कागदाची मागची बाजू वाचा. भांडायला तोंड उरलं नाही. विमलने माझी पिशवी उचलली आणि बसमधून खाली उतरली. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने दोन फोन करून एक कारखाना शोधून दिला. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, मीटरचा उल्लेखही करू नका.

कारखाना म्हणजे पाटी नसलेलं तीन मजली घर. खाली साबणाच्या गरम पाण्याचे टब, वर चटयांवर बसलेल्या वीसेक बायका, मधे रंगीत लोकरीचे ढीग. लोकर न्यूझीलंडहून येते, हे त्यांनी आपणहून सांगितलं. बाजारात मात्र तीच हिमालयाची म्हणून विकतात. एका चटईवर राखाडी हत्ती रांगेत ठेवले होते, सगळ्यांच्या सोंडा एकाच मापाच्या. देखरेख करणाऱ्या गीता दीदींना सगळ्या घाबरून होत्या. त्यांची दोन बोटं पट्टीने बांधलेली. त्यांचं हिंदी मोडकं, आमचं दखनी, काम चाललं.

मी गाढव पुढे केलं. त्यांनी तोंड पाहिलं नाही, कान पाहिले नाहीत. अंगठ्याने पोट दाबलं, नखाने पाय दाबला.

"पाय दगड आणि पोट कापूस," त्या म्हणाल्या. "थांबा, पोट घट्ट करून देते."

आणि टबाकडे निघाल्या. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पाण्याने खळ सुटते, हे मला माहीत होतं. पण बोलायचं म्हणजे खळीचं सांगावं लागलं असतं, आणि सात दिवस जगभरच्या लबाड्या मोजत फिरल्यावर ते माझ्या तोंडून निघेना. गाढव पाण्यात गेलं. त्यांनी चोळलं, पिळलं. पाणी तपकिरी झालं, बोटांना तार सुटली. त्यांनी गाढव फळीवर उभं केलं. पुढचे पाय दुमडले, मग मागचे. ते सावकाश गुडघ्यावर आलं.

बायका हसल्या. सगळ्यात मोठ्याने विमल. "वैनी, दमलं बघा तुमच्यावानी."

गीता दीदींनी बोटांचा वास घेतला. "हे काय आहे?"

विमलने सांगून टाकलं, "इमली के बियां की लेई है दीदी. हमारे कने कंबल कू लगाते."

दीदी म्हणाल्या, "कांबळ्याला उभं राहावं लागत नाही."

मग त्यांनी विचारलं, या जनावरांचे मला कोण किती देतं. कोणी नाही, मी म्हटलं. मग का करता? मला पेन्शन आहे, मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, ते दोघींनाही कळलं. दीदींनी ते बायकांना नेपाळीत सांगितल्यावर चटईवरचं हसू थांबलं. एकीने आपल्या हत्तीकडे पाहिलं आणि पुन्हा सुई चालवायला लागली.

दीदींनी मला पाट दिला. पाय वेगळा करायचा, तंतू सगळे उभ्या दिशेने घ्यायचे, वरचं टोक मोकळं ठेवून ते पोटात खोल टोचून रुजवायचं. मी एक पाय केला, तास गेला. त्यांनी ओढला, हातात आला. दुसरा केला. ओढला, राहिला. त्यांनी तिसऱ्यासाठी लोकर पुढे सरकवली. माझी बोटं सुजली, पाठ भरून आली, दुपारी भक्तपूर बघायला जाणारी आमची बस केव्हाच निघून गेली होती. निघताना मी विचारलं, तुमच्या मुलीही हेच करतात का.

"एकच आहे. तिला सुई हातात घेऊ दिली नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या विमानात विमल झोपली. मी नाही.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. सहल करावी का? करा. गुडघे चाळीस वर्षांचे असताना करा, पत्रिकेची मागची बाजू वाचा, एक दिवस स्वतःच्या टॅक्सीसाठी राखून ठेवा. डोंगर छान आहेत. पण डोळे मिटल्यावर मला दिसतात त्या एका मापाच्या सोंडा.

काल लक्ष्मीअक्का उत्तर घ्यायला आल्या. मी सगळं सांगितलं, खळीसकट. म्हटलं, "अक्का, मला पाय जमत नाहीत. आणि यात पैसा आहे असं तुमच्या बायकांना वाटत असेल तर तोही नाही. तिथे दिवसभर राबून बोटं फुटतात."

"पैशाचं कोन म्हनलंय, बाई?"

"मग शिकायचं कशासाठी?"

"दुपारचं घरातनं भाईर पडायला निमित्त पायजे. भजनाला निघालं तर सासू बी संगं येती."

मी चहा ठेवायला आत गेले. उकळी येईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले आणि बाहेर येऊन त्यांना सांगितलं: सोमवारपासून, दुपारी तीन वाजता. पहिल्या महिन्यात मासा, साप आणि गोगलगाय.