उषाबाईंना विचारून या

परराज्यातल्या भेस्तानात मुलीला स्थळ आलं की खान्देशी माणूस आधी उषाबाईंचं दार गाठतो. गाव मागे राहिलेलं, मुलाची चौकशी करणार कुणाकडे? घरी साड्यांना टिकल्या चिकटवत बसणाऱ्या या बाईला मात्र घरोघरची खबर. सोयरीक जमवताना थोडं झाकायचंच असतं, असं सगळे मानतात. उषाबाई मानत नाहीत.

सख्ख्या बहिणीच्या वाल्मिकसाठी मुलीचा बाप विचारायला आला, तेव्हा बहीण लीला शेजारी बसून डोळ्यांनी खुणावत होती. उषाबाईंनी हातातली साडीसुद्धा खाली ठेवली नाही. "पोरगा मना भाचा शे, पण दारू पेस," त्या सरळ म्हणाल्या. सोयरीक मोडली. लीलाबाईंनी बोलणं टाकलं, दिवाळीचा फराळही परत पाठवला.

परवा त्याच लीलाबाई दारात उभ्या. त्यांच्या गायत्रीला जवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीत, कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं, आणि जो तो मुलाचं कौतुक करत होता.

"सगळे चांगलंच सांगतात गं," त्या बसत म्हणाल्या. "म्हणूनच तुझ्याकडे आले."