पोचा पडलेला करंडा

बेला गावात जनरल स्टोअर्स बरीच होती, पण संक्रांतीचं वाण बायका देवानंदच्याच दुकानातून घेत, कारण गल्ल्यावर त्याची बायको मंजुषा बसे. कुणाला काय द्यावं हे तिला नेमकं सुचे. रेणुकाबाईंचे केस दाट, त्यांना मोठ्या दातांचा कंगवा. शेजारच्या नव्या सुनेला झाकणात आरसा असलेली डबी. मग हळदीकुंकवाला त्याच वस्तू मंजुषाच्या ओटीत परत येत. दरवर्षी तिला तिचंच दुकान वाण म्हणून मिळे. दुकानाच्या फळ्यांपलीकडचं जग तिच्यासाठी काही निवडतच नव्हतं.

यंदा मैत्रीण रूपा नदीपलीकडे माहेरी निघाली, तेव्हा मंजुषानं तिचा हात धरला. "रूपे, यंदा मायं वाण तिकडूनच आन. काईबी चालन, पन तू पाहून घेतलेलं."

"आनीन न वैनी! काऊन येवढ्या रडकुंडीले येऊन राह्यल्या?"

संक्रांतीला रूपानं कुंकू लावलं, तीळगूळ दिला आणि पदराआडून पितळी करंडा काढला. मंजुषानं तो उलटा केला. बुडाला पोचा होता. दिवाळीत फळी पुसताना तिच्याच हातून पडला होता.

"तिकडं लय वस्तू होत्या," रूपा म्हणाली. "पन तुमी तं नुसतं तोंडानं म्हनता. तुमचं दुकान सोडलं तं वाईट वाटन नं? काल तुमी गल्ल्यावर नव्हत्या, तवा भाऊजीपासूनच घेतला."

"चांगला हाये," मंजुषा म्हणाली.

बायका गेल्यावर देवानंद हसत म्हणाला, "आला का परत? ठेव फळीवर."

तिनं ठेवला. पोचा भिंतीकडे करून, आधी होता तसाच.