कडुनिंबाखालचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरला हात न लावता कॉम्प्युटर शिकवणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो आमच्या कामरगावच्या शाळेत गणित घ्यायचा. सत्तरच्या दशकात सर एका उन्हाळी प्रशिक्षणाला नागपूरला गेले, तिथे काचेपलीकडे त्यांना कॉम्प्युटरचं ते अजस्र कपाट दिसलं, आणि परतले ते त्याच्या प्रेमात पडूनच. "आज ना उद्या येष्टीनं कारंजाले उतरनच तो," ते ठामपणे सांगत, "तवा तुमाले हुकूम देता आला पाह्यजे." तोवर शाळेचं आवार हाच कॉम्प्युटर. कडुनिंबाखाली चुन्याच्या चौकटी, चौकटींमध्ये बाण, आणि त्यांवरून चालणारा माणूस म्हणजे यंत्र. यंत्राने बोलायचं नाही, अक्कल तर मुळीच वापरायची नाही. पोस्टमनपासून तपासणीच्या साहेबांपर्यंत आवारात आलेला कुणी सुटला नाही. घरीही तेच. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डाळ उन्हात घालायला सांगितली, सरांनी घातली, आणि शेळीने ती खाल्ली तेव्हा शेजारीच बसून पाहिलं. वर म्हणाले, "शेळीची चौकट तू काढलीच नोती!"

मी तेव्हा नववीत. दोन वेण्या, आणि शाळेतली सगळी हुशारी त्यांतच गुंफली आहे अशी माझी पक्की खात्री. त्या दिवशी रांजण भरण्याचे हुकूम मी चौकटींत लिहून ऐटीत उभी होते, तर फाटकातून बाबाच आले. मंगरुळपीरचं स्थळ चालून आलं होतं; माझा शाळेतून दाखला काढायचा होता. माझ्या वेण्यांतली हवाच गेली.

"हेडमास्तर यायचेच हायेत," सर म्हणाले. "तवरिक भाऊ, यंत्र व्हा."

बाबांनी धोतर सावरलं. हौदातून तांब्या भरला, रांजणात ओतला. रांजण भरला का? नाही. बाणाने ते परत 'ओता'वर आले. हातात रिकामा तांब्या, तोच ओतला. भरला का? नाही. पुन्हा रिकामा तांब्या. वर्ग खिदळत होता, बाबा घामाघूम.

"पोरी, कवरिक फिरू वं?"

"यंत्र बोलत नसते, भाऊ!"

"पण सर, रिकामा झाल्यावर भरा लागते, हे काय सांगा लागते?" मी फणकारले.

"यंत्राले सांगा लागते. कोनी थांबवू नका त्याइले. चूक पाह्य." सर हात आडवे पसरून मधे उभे राहिले.

शेवटी दिसली. मी पायाने बाण पुसला आणि हौदाकडे वळवला. रांजण काठोकाठ भरला, तसे बाबा चौकटींबाहेर आले आणि पागोट्याने तोंड पुसत म्हणाले, "सर, दाखला राहू द्या. असे अर्धे हुकूम देनारी पोरगी धाडली, त पाव्हने फिरून फिरूनच मरतीन. पुरं शिकवा हिले."

सरांनी पुरं शिकवलं. पुढे मी स्वतः पस्तीस वर्षं गणित शिकवलं. सर मात्र त्या कपाटाला हात न लावताच गेले.

आता नातीच्या लॅपटॉपवर ते गोल चक्र फिरत बसतं. "आजी, अटकला हा. बंद करू?" ती विचारते.

"थांब वं," मी म्हणते, "आत तुझे पणजोबा तांब्या घेऊन फिरून राह्यले. बाण कुठं चुकला ते पाह्य पहिले."

ती हसते. मला मात्र कडुनिंबाखाली चुन्याने माखलेले सर दिसत राहतात, हात आडवे पसरून उभे, कुणालाही यंत्र थांबवू न देणारे.