पाचवा टँकर

टँकरच्या सीटखाली वाळू साचते तसे किस्से साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात राहतातच. बहारीनमध्ये मी एका बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, फोरमन होतो. रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालायचं. पाच टँकर, पाच ड्रायव्हर.

सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा असा यायचा की खर्च कुठे करायचा हाच प्रश्न. वर्ष संपत आलं की फुटपाथच्या कडेला काळा-पांढरा रंग. सुकला की परत तोच! मी ओव्हरसियरला विचारलं, "कालच तर दिला?"

तो म्हणाला, "पैसे उरले तर पुढच्या वर्षी कमी मिळतात. यल्ला, ब्रश उचल!"

*

बाजारातल्या गाळ्यांची फी वसूल करायला दोन माणसं जायची. जीप, ड्रायव्हर, वर ओव्हरटाइम. वसुली त्यांच्या पगारालाही पुरत नसे. मी साहेबांना म्हटलं, "वसुली बंद केली तर फायदा होईल."

साहेब हसले. "पैसा तेल देतं. वसुली शिस्तीसाठी!"

*

तिथे पाऊस क्वचित. एकदा आमच्या अदलिया भागात धो धो पडला, तरी पाचही टँकर बाहेर! फेऱ्या कमी भरल्या तर बजेट कापलं जायचं. पाचव्या टँकरवर सदू होता, दापोलीकडचा. भर पावसात पाइप धरून झाडाला पाणी घालत होता. एका बहारीनी म्हाताऱ्याने गाडी थांबवली आणि मोडक्या हिंदीत ओरडला, "तू पागल?"

सदू म्हणाला, "मी नाही बाबा, बजेट!"

*

ऐंशीच्या दशकात तेलाचा भाव पडला. आधी ऑफिसातला फुकटचा चहा गेला, मग एक सोडून एक दिवा, मग ओव्हरटाइम खलास. साहेबांनी सगळ्या फोरमनना बोलावलं. "बचत दाखवा."

मला ते आव्हान वाटलं. शेजारचा झिंज भाग आणि अदलिया एका फेरीत जोडले. महिनाभरात पाच टँकरचं काम चारांत बसवलं.

सदू म्हणाला, "दादा, दाखवू नका. चारांत भागतं म्हटल्यावर पाचवा कशाला ठेवतील? माझ्या घरावर अजून छप्पर चढायचंय."

"चोख काम लपवायचं? मी काय चोर आहे?"

दाखवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती थाप अजून पाठीवर आहे.

*

सदू गेला तो असा.

मी दुसरीपर्यंत शिकलेला. सही येते, इंग्रजी वाचता येत नाही. ऑफिसचा प्रत्येक कागद सदूच मला वाचून दाखवायचा, तो मॅट्रिक. त्या दिवशी पत्र आलं ते त्यालाच कामावरून काढण्याचं होतं. हे मला तो विमानात बसल्यावर कळलं.

त्याने पत्र आधी मनात वाचलं.

"तुमची तारीफ आहे, दादा. बचत केलीत म्हणून."

"एवढंच?"

"पाचवा टँकर विकणार म्हणतात."

"मग तू?"

"माझी सोय बघतील. तुमची सही हवीय."

मी ऐटीत पेन काढलं. सदूने पत्र बोनेटवर पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर तळहात ठेवला.

"इथे," तो म्हणाला. "सावकाश, दादा. नाव नीट येऊ द्या."